कावासाकी आजार : दहा दिवसांची घाई, वर्षभराची जपणूक

तीन-चार वर्षांच्या मुलाला ताप येतो, अंगावर लालसर पुरळ उठते, डोळे लाल होतात. घरातील वडीलधारी मंडळी 'गोवर निघाला' म्हणतात, जवळचे डॉक्टर ताप उतरण्याचे औषध देऊन दोन दिवस वाट पाहायला सांगतात. यात बहुधा काही चुकत नाही. लहानपणीचे बहुतेक ताप विषाणूंमुळे येतात आणि तीन-चार दिवसांत आपोआप उतरतात. पण पाचव्या दिवशीही ताप तसाच चढा असेल, मूल कमालीचे चिडचिडे झाले असेल, ओठ लाल होऊन फुटले असतील, तर थांबणे धोक्याचे ठरू शकते. अशा मुलांपैकी काहींना कावासाकी आजार असतो. हा आजार विरळा आहे, मात्र वेळेत ओळखला तर त्यावर परिणामकारक उपचार आहे आणि उशिरा ओळखला तर हृदयाला आयुष्यभराची इजा होऊ शकते.

आपल्याकडे कावासाकी म्हटले की ऐंशीच्या दशकातील मोटारसायकल आठवते. आजाराचा त्या कंपनीशी संबंध नाही. डॉ. तोमिसाकू कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांचे नाव त्याला मिळाले आहे. जानेवारी १९६१ मध्ये टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात त्यांनी चार वर्षांचा एक मुलगा तपासला. लक्षणे कोणत्याच परिचित रोगात बसत नव्हती. मुलगा बरा होऊन घरी गेला, पण निदान झाले नाही. पुढील सहा वर्षांत त्यांनी अशी ५० मुले पाहिली आणि १९६७ मध्ये त्यांची सविस्तर हकीकत जपानी भाषेत प्रसिद्ध केली. इंग्रजीत ती १९७४ मध्ये आली. सुरुवातीला हा आजार निरुपद्रवी वाटत होता. १९७० च्या देशव्यापी पाहणीत मात्र बरी होत चाललेली काही मुले अचानक दगावल्याचे उघड झाले, आणि शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत रक्ताच्या गुठळ्या सापडल्या. तेव्हापासून या आजाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. डॉ. कावासाकी २०२० साली, वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले. आजाराचे नेमके कारण त्यांच्या हयातीत सापडले नाही आणि आजही सापडलेले नाही.

एवढे निश्चित आहे की, हा रक्तवाहिन्यांचा दाह आहे. कुठल्या तरी संसर्गाचे निमित्त होऊन शरीराची रोगप्रतिकारशक्ती बेभान होते आणि मध्यम आकाराच्या धमन्यांच्या भिंतींवरच हल्ला करते, असे मानले जाते. त्यात सर्वाधिक धोका हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांना असतो. दाहाने भिंत कमकुवत होऊन ती फुग्यासारखी फुगते. हा आजार एका मुलाकडून दुसऱ्याला होत नाही. रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के मुले पाच वर्षांखालील असतात आणि मुलींपेक्षा मुलग्यांत तो काहीसा अधिक आढळतो. जपानमध्ये पाच वर्षांखालील दर लाख मुलांमागे वर्षाला ३०० हून अधिक रुग्ण सापडतात, त्यामुळे तिथल्या आयांनाही त्याचे नाव ठाऊक असते. भारतात १९७० च्या दशकात पहिल्या नोंदी झाल्या. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत नव्वदच्या दशकापासून अशा मुलांची पद्धतशीर नोंद ठेवली जाऊ लागली, तेव्हा निदान होणाऱ्यांची संख्या वर्षागणिक वाढत गेली. आजारच वाढला की ओळखणाऱ्यांची नजर तयार झाली, याचे उत्तर सोपे नाही. पण जिथे शोधले जाते तिथे तो सापडतो, एवढे खरे.

ओळखायचा कसा?

या आजारासाठी एकच एक अशी रक्ततपासणी नाही. डॉक्टर लक्षणांचा मेळ घालतात. निदान पाच दिवस टिकलेला ताप आणि त्याबरोबर पुढील पाचांपैकी चार खुणा असा नेहमीचा निकष आहे : दोन्ही डोळे लाल होणे, पण त्यांतून पू किंवा चिपडे न येणे; ओठ लाल व भेगाळलेले आणि जीभ स्ट्रॉबेरीसारखी लालभडक, दाणेदार दिसणे; अंगावर पुरळ; हातापायांचे तळवे लाल होणे व सुजणे; आणि मानेत, बहुधा एकाच बाजूला, मोठी गाठ येणे. बोटांच्या टोकांची, नखांच्या कडेची साल निघणे ही प्रसिद्ध खूण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसते. ती दिसेपर्यंत थांबले तर उपचाराची उत्तम वेळ निघून गेलेली असते.

पालकांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. ही लक्षणे एकाच दिवशी एकत्र येत नाहीत. सोमवारी आलेले पुरळ बुधवारी मावळते, डोळे गुरुवारी लाल होतात, आणि शुक्रवारी तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर केवळ ताप असलेले मूल असते. म्हणून कोणत्या दिवशी काय दिसले याची तारीखवार टिपणे ठेवावीत, आणि पुरळाचे, डोळ्यांचे, ओठांचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. निदानाला याइतकी मदत घरच्यांकडून क्वचितच होते. आपल्याकडे जन्मानंतर डाव्या दंडावर बीसीजीची लस दिली जाते. तान्ह्या मुलांत त्या जागेचा व्रण अचानक लाल होऊन सुजला, तर तीही या आजाराची खूण असू शकते. सहा महिन्यांखालील बाळांत तर बाकीची लक्षणे पुरेशी उमटतच नाहीत आणि धमन्यांना इजा होण्याचा धोका मात्र सर्वांत जास्त असतो. अशा बाळाचा ताप आठवडाभर टिकला व कारण सापडले नाही, तर रक्ततपासण्या आणि हृदयाची इको तपासणी करून घेणे इष्ट.

गोवर किंवा कांजिण्या निघाल्या की 'माता आली' म्हणून औषध टाळण्याची, घरातच कडुलिंबाचा पाला ठेवून वाट पाहण्याची रीत विदर्भातील काही घरांत अजून पाळली जाते. श्रद्धेशी वाद घालण्याचे कारण नाही. पाला राहू द्यावा, पण पाचव्या दिवशी मूल डॉक्टरांकडे न्यावे.

वर्धा जिल्ह्यात काय उपलब्ध आहे?

आठ तालुक्यांच्या या लहान जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत, ही बाब इतर जिल्ह्यांनी हेवा करावा अशीच आहे. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली आणि तिचे कस्तुरबा रुग्णालय जिल्ह्याबाहेरच्या रुग्णांनाही परिचित आहे. सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. दोन्ही ठिकाणी बालरोग विभाग आहेत. शिवाय वर्धा शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातील गावातून येणाऱ्या कुटुंबाला प्रवास करावा लागतो खरा, पण पहिला टप्पा नागपूर गाठण्याचा नसतो.

गावातील डॉक्टरांनी सुरुवातीला वेगळे निदान केले, तर त्यांना दोष देण्याची घाई करू नये. एका सर्वसाधारण डॉक्टरच्या सबंध कारकिर्दीत असा एखादाच रुग्ण येतो. त्यांना विचारण्याजोगा प्रश्न साधा आहे : 'पाच दिवस झाले, ताप उतरत नाही, हा कावासाकी असू शकतो का?' हा प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात जाणे मात्र एक-दोन दिवस आधी घडते, आणि या आजारात एकेक दिवस मोलाचा असतो.

तिथे रक्तातील दाहाचे प्रमाण दाखवणाऱ्या तपासण्या, लघवी आणि इको केली जाते. बिंबाणू म्हणजे प्लेटलेट्स दुसऱ्या आठवड्यात खूप वाढतात. डेंग्यूच्या हंगामात प्लेटलेट्स कमी झाल्याचे ऐकून घाबरणारे पालक इथे त्या वाढल्या म्हणून निश्चिंत होतात, ते योग्य नाही. पहिली इको निर्दोष आली म्हणजे आजार नाही, असेही समजू नये. धमन्यांतील बदल दिसायला वेळ लागतो. चिमुकल्या, रडणाऱ्या मुलाच्या मिलिमीटरभर रुंदीच्या धमन्या मोजणे हे सरावाचे काम आहे. म्हणून काही वेळा लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे नागपूरला पाठवले जाते. वर्ध्याहून हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर आहे. मात्र उपचार सुरू करण्यासाठी या तपासणीची वाट पाहात बसण्याची गरज नसते. निदान पक्के वाटत असेल तर डॉक्टर आधी औषध सुरू करतात.

दहा दिवसांच्या आत

औषधाचे नाव इम्युनोग्लोब्युलिन. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून वेगळी केलेली ही प्रथिने शिरेतून संथपणे दिली जातात. १९८४ मध्ये जपानी आणि १९८६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी त्यांचा उपयोग सिद्ध केला. वजनाच्या प्रत्येक किलोला दोन ग्रॅम, अशी एकच मात्रा दहा ते बारा तासांत देतात. बारा किलोच्या मुलाला चोवीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या पाच कुप्या. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत ही मात्रा मिळाली नाही, तर सुमारे चारांपैकी एका मुलाच्या धमन्यांवर परिणाम होतो. मिळाली तर हे प्रमाण शंभरात चार-पाचांवर येते. वैद्यकशास्त्रात एका औषधाने एवढा फरक पडल्याची उदाहरणे फार नाहीत. दहा दिवस उलटले तरी ताप किंवा दाह टिकून असल्यास ती दिली जाते, पण तेव्हा पूर्ण संरक्षणाची खात्री देता येत नाही.

इथे पैशाचा प्रश्न उभा राहतो. मुलाचे वजन जितके जास्त, तितक्या कुप्या जास्त, आणि एकेक कुपी महाग. शेतमजूर कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा हा खर्च आहे. म्हणून मूल दाखल करतानाच रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये हा उपचार बसतो का, कोणती कागदपत्रे हवीत, तातडीची मंजुरी मिळते का, हे पहिल्याच दिवशी विचारावे. शिधापत्रिका व आधार सोबत असतील तर धावपळ वाचते. योजनेत न बसल्यास रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांकडे धर्मादाय मदतीची चौकशी करता येते. सेवाग्रामच्या रुग्णालयाने एके काळी आसपासच्या गावांसाठी ज्वारीच्या रूपात वर्गणी घेणारी विमा योजना चालवली होती. आरोग्याचा खर्च आजारापूर्वीच वाटून घेण्याची ती कल्पना इथल्या मातीतली आहे, हे आवर्जून सांगावेसे वाटते. पैसे जमवण्यात तीन दिवस गेले आणि नववा दिवस उजाडला, असे होऊ देऊ नये. त्याच कारणाने, इथले डॉक्टर उपचाराला तयार असताना केवळ दुसरे मत घेण्यासाठी आठव्या दिवशी मूल नागपूरला किंवा मुंबईला हलवणे शहाणपणाचे नाही.

इम्युनोग्लोब्युलिनसोबत ॲस्पिरिनही सुरू करतात. बहुतेक मुलांचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो आणि मूल अक्षरशः ओळखू येऊ लागते. दहा-वीस टक्के मुलांत मात्र मात्रा संपल्यानंतर ३६ तासांनीही ताप राहतो किंवा परत येतो. अशांना दुसरी मात्रा, स्टिरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखे औषध लागते. म्हणून घरी गेल्यावरही काही दिवस तापमापीने ताप मोजून वहीत लिहावा. हाताने कपाळ चाचपून घेतलेला अंदाज पुरत नाही.

रुग्णालयातील मूल

या आजारातील चिडचिड वेगळीच असते. मूल अखंड रडते, आईलाही जवळ येऊ देत नाही, कशानेच शांत होत नाही. हे लाडाने बिघडणे नव्हे, तो दाहाचाच भाग आहे, आणि तो ओसरतो. खोलीत उजेड व गोंगाट कमी ठेवावा, एका वेळी एकच माणूस जवळ असावे. भेटायला येणाऱ्या नातलगांना दाराबाहेरूनच निरोप देणे विदर्भाच्या पाहुणचाराला जड जाते, पण ते करावे. तोंड सोललेले असल्याने तिखट, खारट, गरम काही जात नाही. गार ताक, मऊ भात-वरण, पातळ खिचडी, दूध यावर भागवावे. आंबट-गोड किंवा मांसाहार यांचे कोणतेही खास पथ्य या आजाराला नाही. ओठांना व साल निघणाऱ्या बोटांना खोबरेल तेल लावावे, साल ओढू नये.

सुईविषयी मुलाला खोटे सांगू नये. 'दुखणार नाही' असे सांगून एकदा टोचले की पुढच्या प्रत्येक पांढऱ्या कोटावरचा विश्वास उडतो. 'थोडे दुखेल, मी हात धरून बसतो' हे चार वर्षांच्या मुलाला समजते. पुढे वर्षभर इको व रक्ततपासण्यांसाठी याच मुलाला याच इमारतीत यायचे आहे, याचे भान राहू द्यावे. घरी आजी-आजोबांकडे ठेवलेल्या भावंडाचीही चौकशी व्हावी. आपल्यामुळेच ताई किंवा दादा आजारी पडला, अशी समजूत लहान मुले करून घेतात.

घरी परतल्यावर

घरी आलेले मूल खेळते, जेवते, बरे दिसते. नेमक्या याच वेळी औषधे आणि तपासण्या सुटण्याचा धोका असतो. अल्प मात्रेतील ॲस्पिरिन साधारण सहा ते आठ आठवडे, म्हणजे धमन्या व्यवस्थित असल्याची खात्री होईपर्यंत रोज द्यावे लागते. रक्त गोठू न देणे हा तिचा हेतू असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नये. या काळात ताप आला तर आयब्युप्रोफेन स्वतःहून देऊ नये, कारण त्याने ॲस्पिरिनचा परिणाम कमी होतो. घरात, अंगणवाडीत किंवा शेजारी कांजिण्या अथवा फ्लूचा रुग्ण असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. ॲस्पिरिन चालू असताना हे संसर्ग झाल्यास मेंदू व यकृताला धोका पोचवणारी, विरळा पण गंभीर अशी राय सिंड्रोम नावाची गुंतागुंत होऊ शकते.

लसीकरणाचा मुद्दा गावपातळीवर हमखास निसटतो. इम्युनोग्लोब्युलिनमध्ये तयार प्रतिपिंडे असतात आणि ती गोवर-रुबेला व कांजिण्यांच्या लसीला निष्प्रभ करतात. म्हणून या लसी ११ महिने पुढे ढकलाव्या लागतात. ज्या वयात हा आजार होतो त्याच वयात, नऊ ते बारा महिन्यांना व पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांना, गोवर-रुबेलाच्या मात्रा येतात. त्यामुळे माता-बाल संरक्षण पत्रिकेवर उपचाराची तारीख ठळक लिहून घ्यावी आणि आशा व परिचारिका ताईंना ती दाखवावी. अकरा महिन्यांनी राहिलेली लस आठवणीने घेणे हे यातले अर्धे काम आहे. गावात गोवराची साथ असेल तर डॉक्टर लस लवकर देऊन नंतर पुन्हा देतात. पेंटाव्हॅलेंटसारख्या इतर लसी थांबवण्याची गरज नसते, आणि फ्लूची लस तर घ्यावीच.

इको तपासणी सामान्यतः निदानाच्या वेळी, त्यानंतर एक-दोन आठवड्यांत आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी होते. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत किंवा सोयाबीन काढणीत ठरलेली तारीख चुकते, हे समजण्यासारखे आहे. अशा वेळी आधीच दूरध्वनी करून तारीख बदलून घ्यावी, तपासणी सोडून देऊ नये. तिन्ही वेळा धमन्या निर्दोष आढळल्या, तर ॲस्पिरिन थांबते. त्यानंतर मुलाला पळायला, खेळायला, शाळेच्या कवायतीला कोणतीही बंदी नसते. 'हृदयाचा पेशंट' असा शिक्का मारून त्याला ओट्यावर बसवून ठेवणारे पालक व शिक्षक भेटतात. त्यांना डॉक्टरांचे पत्र दाखवावे.

धमनीत फुगवटा राहिलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. लहान फुगवटे अनेकदा एक-दोन वर्षांत ओसरतात. आठ मिलिमीटरपेक्षा मोठे असतील तर ॲस्पिरिनबरोबर वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध लागते. रक्ताच्या नियमित तपासण्या, धक्काबुक्कीच्या खेळांपासून दूर राहणे आणि दात काढण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारणे हे मग नेहमीचे होते. पालेभाज्या सोडायच्या नसतात, पण त्यांचे प्रमाण एकसारखे ठेवायचे असते. लहान मूल छातीत दुखते असे सांगू शकत नाही. अकारण रडणे, पांढरे पडणे, घाम, उलट्या, धाप यांपैकी काही दिसले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत आजाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी हाताशी ठेवावी.

कोविडनंतर या आजाराचे नाव अधिक कानावर आले. २०२० च्या एप्रिलपासून ब्रिटनमध्ये, आणि नंतर भारतातही, संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी मुलांत कावासाकीसारखी लक्षणे दिसू लागली. तो वेगळा आजार आहे. त्यात मुले वयाने मोठी असतात, पोटदुखी व जुलाब जास्त असतात, आणि रक्तदाब एकदम घसरतो. उपचार मात्र बरेचसे सारखे आहेत.

कावासाकी एकदा झाला की पुन्हा होत नाही, असे नाही. जपानमध्ये शंभरात सुमारे तीन मुलांना तो दुसऱ्यांदा झाल्याची नोंद आहे. ताप पुन्हा लांबला तर पहिल्या आजाराची माहिती सर्वांत आधी सांगावी. रुग्णालयातून सुटताना मिळालेले कार्ड, इकोचे सर्व अहवाल आणि इम्युनोग्लोब्युलिनची तारीख एका पिशवीत जपावी. वीस वर्षांनी हेच मूल नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशात जाईल, आणि तिथल्या डॉक्टरांनी लहानपणच्या हृदयविकाराविषयी विचारले तर उत्तर त्या कागदांतच असेल.